जिव्या सोमा म्हसे : भिंत, कागद आणि जमीन

आपल्याकडे कलेचा इतिहास लिहिण्याची एक ठरलेली रीत आहे. राजाने लेणी कोरवली, सरदाराने वाडा रंगवला, सावकाराने देऊळ बांधले, असे हा इतिहास सांगतो. ज्याने छिन्नी धरली, जिने भिंत सारवली, ज्याने रंग खलला, त्यांची नावे त्यात येत नाहीत. मेहकरला राहणाऱ्या माणसाला याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. आमच्या गावात १८८८ साली जमिनीतून शारंगधर बालाजीची काळ्या पाषाणाची भव्य मूर्ती निघाली. गोऱ्या साहेबाला ती विलायतेस न्यायची होती आणि गावकऱ्यांनी ती नेऊ दिली नाही, ही हकीकत गावात अजून अभिमानाने सांगितली जाते. अभिमान रास्तच आहे. पण ती मूर्ती घडवणारा हात कुणाचा, हे विचारताना मी कुणाला ऐकले नाही. गावाला देव सापडला. कारागीर कुणी शोधलाच नाही.

अशा या इतिहासात एका भूमिहीन, अक्षरशत्रू ठेवल्या गेलेल्या जमातीतल्या माणसाचे नाव जगाच्या कलादालनात नोंदले गेले, ही साधी घटना नव्हे. तो माणूस म्हणजे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे. त्याचा जन्म १९३४ सालचा, तलासरी भागातल्या धामणगावचा. पुढे त्याचे सारे आयुष्य डहाणू तालुक्यात गंजाडजवळच्या कळंबीपाड्यावर गेले. मे २०१८ मध्ये तो वारला. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार, २००९ साली नेदरलँड्सचा प्रिन्स क्लॉस पुरस्कार, २०११ साली पद्मश्री, असे त्याचे सन्मान. पण सन्मानांची यादी म्हणजे इतिहास नव्हे. हा माणूस ज्या भिंतीपासून निघाला ती भिंत कुणाची होती, ज्या जमिनीवर ती उभी होती ती कुणाची होती, आणि चित्र कागदावर आल्यानंतर त्या जमिनीचे काय झाले, हे तीन प्रश्न मला महत्त्वाचे वाटतात. प्रस्तुत लेखात मी त्यांचाच विचार करणार आहे.

वारल्यांची झोपडी म्हणजे कारवीच्या कुडाची भिंत. त्यावर माती आणि शेण यांचा गिलावा, वर गेरूचा हात. या तांबड्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, आणि कुंचला म्हणजे टोकाशी ठेचलेली बांबूची काडी. आकृत्याही तितक्याच मोजक्या: वर्तुळ, त्रिकोण, चौकोन. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की माणसाचे धड होते. या चित्रांचे मूळ स्थान लग्नाच्या घरात आहे. चौक काढायचा तो सवाशिणींनी. धवलेरी गाणे म्हणते, तेव्हा चौक पुरा होतो. चौकाच्या मधोमध पालघट देवी बसते. ती झाडापाल्याची, पिकाची, प्रसवाची देवी. शेजारच्या देवचौकात पाचशिऱ्या देव उभा असतो. भोवती झाडे, पाखरे, नाचणारी माणसे, तारपा वाजवणारा गडी. हे चित्र टांगण्यासाठी काढलेले नसते, विकण्यासाठी तर नसतेच. लग्न झाले की त्याचे काम संपते. धुराने ते काळवंडते, पावसाळ्यात गळते, आणि पुढच्या कार्याला त्याच भिंतीवर नवा हात फिरतो.

आता याच लग्नाची दुसरी बाजू पाहू. डहाणू-उंबरगावच्या जंगलपट्टीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वारल्यांच्या जमिनी सावकार-जमीनदारांच्या घशात गेल्या. जंगल सरकारने राखीव केले. ज्यांनी ती जमीन जंगल तोडून, राब भाजून कसली, ते त्याच जमिनीवर कुळे झाले आणि पुढे वेठबिगार. वारल्याला लग्न करायचे तर पैसा हवा, पैसा सावकाराकडे, आणि त्या कर्जापायी नवरा-बायको दोघांनी सावकाराच्या घरी राबायचे. अशा माणसाला तिकडे 'लग्नगडी' म्हणत. या शब्दावर वाचकांनी क्षणभर थांबावे. लग्न हा आनंदाचा शब्द आणि गडी हा गुलामीचा. सरंजामी व्यवस्थेने दोन्ही जोडून एक शब्द केला. म्हणजे ज्या लग्नासाठी सवाशिणी भिंतीवर सुफलतेची देवी काढत होत्या, तेच लग्न जोडप्याला गुलामीत ढकलत होते. चौक घराच्या आत होता, आणि त्याच दिवशी सावकाराच्या वहीत अंगठा उमटत होता. वारली चित्रात दिसणारी लय, नाच, समृद्धी पाहून जे रसिक 'किती हे निरागस जीवन' म्हणतात, त्यांना ही वही माहीत नसते. मला तर वाटते की भिंतीवरची ती भरलेली कणगी आणि डोलणारे पीक हे घरात असलेल्या गोष्टींचे वर्णन नव्हते. जे असायला हवे होते आणि हिरावले गेले होते, त्यावरचा तो हक्क होता.

मुंबई सरकारने नेमलेल्या सिमिंग्टन या अधिकाऱ्याच्या १९३९ च्या अहवालात आदिवासींच्या या पिळवणुकीची नोंद आहे. पण अहवालाने वेठ सुटत नाही. ती सुटली वारल्यांच्या उठावाने. मे १९४५ मध्ये झरी गावी वारली हजारोंनी जमले आणि वेठ करायची नाही, असे त्यांनी ठरवले. किसान सभेच्या शामराव आणि गोदावरी परुळेकरांनी हा लढा संघटित केला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला; जेठ्या गांगड आणि त्याच्यासह पाच जण मारले गेले. त्या वर्षी जिव्या अकरा वर्षांचा होता. त्याची आई तो लहान असतानाच गेली होती. त्यानंतर त्याने बराच काळ बोलणे सोडले आणि तो मातीत रेघोट्या ओढून आपले म्हणणे सांगे, असे त्याच्याविषयी सांगितले जाते. या उठावाशी त्याचा प्रत्यक्ष संबंध मी जोडत नाही. पण ज्या पाड्यांमध्ये तो वाढला, त्या पाड्यांचे वातावरण हे होते. हा चित्रकार कोणत्या काल्पनिक आदिम अरण्यातून आलेला नाही. तो जमिनीसाठी रक्त सांडलेल्या मुलखातून आला आहे.

सत्तरीच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार डहाणूच्या पाड्यांवर आले. त्यांनी पूर्वी बिहारच्या दुष्काळात मिथिलेच्या बायकांना कागद पुरवून चित्रे काढायला लावली होती. पुपुल जयकर तेव्हा हातमाग-हस्तकलेच्या सरकारी कामाच्या सूत्रधार होत्या. त्यांचे पाठबळ कुलकर्णींना होते. भिंतीवरचे चित्र कागदावर उतरवण्याचा हा खटाटोप होता. जिव्या म्हसे त्यांना इथेच भेटला. तो पुरुष असून चित्र काढत होता, आणि लग्नाचे निमित्त नसतानाही काढत होता. थोड्याच वर्षांत त्याची चित्रे मुंबईच्या केमोल्ड या कलादालनात लागली, आणि १९७६ साली राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचा गौरव झाला.

ही वर्षे आपल्या वाचकांनी आठवून पाहावीत. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली. दलित कविता, दलित आत्मकथन प्रस्थापित मराठी साहित्याच्या दारावर धडका देत होते. म्हणजे गावकुसाबाहेरचा माणूस शब्द घेऊन आणि जंगलातला माणूस रेषा घेऊन, असे दोघे एकाच दशकात मुंबईच्या सांस्कृतिक पेठेत पोहोचले. पण दोघांचे स्वागत सारखे झाले नाही. दलित साहित्याला 'हे साहित्य आहे काय?' असा सवाल विचारला गेला; भाषा शिवराळ, आशय एकसुरी, कलामूल्य नाही, अशी शेरेबाजी झाली. वारली चित्राला मात्र कुणी आडवले नाही. ते दिवाणखान्यात गेले, पडद्यावर, चादरीवर, शुभेच्छापत्रांवर गेले. असे का झाले? वारल्याचे चित्र दलिताच्या कवितेपेक्षा मवाळ होते म्हणून नव्हे. चित्रातला आशय न वाचताही चित्र टांगता येते. कविता न वाचता टांगता येत नाही, एवढाच फरक. १९७० साली गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' प्रसिद्ध झाले, १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वारल्यांच्या उठावाचे पुस्तक आणि वारल्यांचे चित्र ही दोन्ही शहरात जवळजवळ एकाच वेळी आली. भिंतीवर लागले ते चित्र. जमिनीचा प्रश्न पुस्तकाच्या कपाटात राहिला.

म्हसेच्या चित्रांकडे या दृष्टीने पाहिले तर त्याचे मोठेपण अधिक कळते. त्याने पालघटेचा चौक कागदावर नुसता उतरवला नाही. चौकाच्या चौकटीत न मावणारे अख्खे जग त्याने कागदावर आणि शेणाने सारवलेल्या कापडावर पसरले. त्याचे मासेमारीचे जाळे प्रसिद्ध आहे: हजारो बारीक रेघांनी विणलेले ते जाळे सबंध चित्रभर पसरते, आणि त्याच्या कडेला ते ओढणारी माणसे मुंगीएवढी दिसतात. तारप्याच्या नाचात माणसांची साखळी गोगलगाईच्या शंखासारखी आत-आत वळत जाते. कणसरी या धान्यदेवतेच्या कथा, मुंग्या, भात लावणी, झाडावर चढलेला माणूस, हे सारे एका प्रतलावर येते. यात कुणी मोठा नाही, कुणी मध्यभागी सिंहासनावर बसलेला नाही. दरबारी लघुचित्रात राजा इतरांहून मोठा काढतात. मंदिराच्या भिंतीवर देव मोठा, भक्त लहान. म्हसेच्या चित्रात माणूस, बैल आणि झाड यांना जवळपास सारखाच मान आहे. उतरंडीच्या समाजात जगणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट फार बोलकी वाटावी. जमीन इथे कुणाच्या मालकीचा तुकडा नाही. ती सगळ्यांच्या पायाखालची गोष्ट आहे.

पण या कथेत एक दुखरी जागा आहे आणि ती झाकून चालणार नाही. चित्र भिंतीवर होते तेव्हा ते बायकांचे होते. कागदावर आले, त्याला किंमत आली, नाव आले, पुरस्कार आले, तेव्हा ते बहुतांशी पुरुषांचे झाले. ज्या सवाशिणींनी पिढ्यान् पिढ्या ही रेषा जिवंत ठेवली, त्यांतल्या एकीचेही नाव आपल्याला तोंडपाठ नाही. यात म्हसेचा दोष नाही. त्याने कुणाचे काही हिरावले नाही. दोष बाजाराच्या रीतीचा आहे. बाजाराला सही लागते, आणि सही करायला घराबाहेर पडलेला माणूस लागतो. आपल्या चळवळीतही जलशाचे शाहीर आपल्याला ठाऊक असतात, जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या रचणाऱ्या बाया ठाऊक नसतात. तेव्हा वारल्यांकडे बोट दाखवण्याआधी आपण आपले घर पाहावे हे बरे.

आता थोडे परदेशाकडे वळू, कारण तिथल्या इतिहासाने या प्रश्नाचे दुसरे टोक दाखवले आहे. ऑस्ट्रेलियात अल्बर्ट नामाजिरा (१९०२–१९५९) हा अरेन्टे जमातीचा चित्रकार होऊन गेला. आपल्या मुलखातले डोंगर आणि पांढऱ्या खोडांची झाडे त्याने जलरंगात अशी काढली, की गोऱ्यांच्या घराघरांत त्याची चित्रे लागली. पण त्याच गोऱ्यांच्या राज्यात त्याला अ‍ॅलिस स्प्रिंग्ज गावात घर बांधायची परवानगी मिळाली नाही. १९५७ साली त्याला अपवाद म्हणून नागरिकत्व दिले. १९५८ साली आपल्याच माणसांना दारू पुरवल्याच्या आरोपावरून शिक्षा दिली, आणि १९५९ साली तो खचून मेला. ज्या डोंगरांची चित्रे लोक विकत घेत होते, त्या डोंगरांवर चित्रकाराचा कायदेशीर हक्क मात्र शून्य. आपल्याकडे मध्य प्रदेशात पाटणगढचा प्रधान गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम याचीही कहाणी अशीच काळीज चिरणारी आहे. भोपाळच्या भारत भवनातून तो जगापुढे आला आणि २००१ साली जपानमधल्या एका संग्रहालयात, घरापासून हजारो कोसांवर, त्याने आत्महत्या केली.

परंतु ऑस्ट्रेलियाच्या मूलनिवासींनी तिथेच हात टेकले नाहीत. १९६३ साली यिरकाला येथील योल्ङू लोकांनी आपल्या जमिनीवरच्या बॉक्साइटच्या खाणीविरुद्ध संसदेला अर्ज केला. तो अर्ज कागदावर टंकलिखित होता. पण तो चिकटवला होता झाडाच्या सालीवर, आणि सालीच्या कडांना त्यांच्या कुळांची चित्रे काढली होती. ती चित्रे शोभेची नव्हती. कोणते कुळ कोणत्या जमिनीचे आहे याचा तो दस्तऐवज होता. आमचा सातबारा हा असा असतो, असे ते सरकारला सांगत होते. १९७१ साली न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला. तरी हा लढा थांबला नाही, आणि १९७६ साली उत्तर प्रदेशाच्या, म्हणजे तिथल्या नॉर्दर्न टेरिटरीच्या, आदिवासी भूमिहक्काचा कायदा झाला. पुढे १९९७ साली ग्रेट सँडी वाळवंटातल्या लोकांनी एक प्रचंड चित्र मिळून रंगवले आणि जमिनीच्या दाव्यात ते पुरावा म्हणून मांडले. इंग्रजीत बोलून जे पटवता येत नव्हते, ते त्यांनी चित्रावर उभे राहून, 'हे माझे पाणवठे' असे दाखवून पटवले.

१९७६ हे साल दोन्हीकडे येते. तिकडे त्या वर्षी जमिनीचा कायदा झाला. इकडे त्याच वर्षी जिव्या म्हसेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आपल्याकडे कायदे नव्हते असे नाही. आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत करण्याचा कायदा महाराष्ट्राने १९७४ साली केला. १९९६ साली पेसा आला, २००६ साली वनहक्क कायदा आला. वनहक्काच्या नियमांत पुरावा म्हणून म्हाताऱ्याकोताऱ्यांचा जबाब चालतो. जुनी विहीर, दफनभूमी, देवस्थान चालते. पण चित्र आणि गाणे हाही जमिनीशी असलेल्या नात्याचा पुरावा आहे, हे आपल्याकडे चळवळीनेही जोराने मांडलेले नाही. १९८९ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात जिव्या म्हसेची चित्रे होती आणि त्याच प्रदर्शनात ऑस्ट्रेलियाच्या युएंडुमूहून आलेल्या मूलनिवासी चित्रकारांनी जमिनीवर मातीचे चित्र मांडले होते. जमिनीतून चित्र काढणारी दोन टोकांची माणसे एका छपराखाली आली. पाहणाऱ्यांनी त्यांच्यातले कलेचे नाते पाहिले. जमिनीचे नाते किती जणांनी पाहिले असेल?

मी शिक्षक आहे, म्हणून शाळेतला अनुभव सांगतो. आमच्या तालुक्यात आता शाळेच्या कुंपणभिंतीवर, मंगल कार्यालयाच्या कमानीवर, लग्नपत्रिकेवर सगळीकडे वारली आकृत्या दिसतात. चित्रकलेच्या परीक्षेला मुले 'वारली बॉर्डर' काढतात. एका वर्गात मी विचारले, वारली म्हणजे कोण? मुलांनी उत्तर दिले, 'सर, ती एक डिझाइन आहे.' मुलांना हसण्यात अर्थ नाही. त्यांना जे शिकवले तेच त्यांनी सांगितले. एका जमातीचे नाव नक्षीचे नाव झाले, आणि माणसे गळून पडली. २०१४ साली वारली चित्राला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले, म्हणजे नावाचा व्यापारी गैरवापर कायद्याने रोखता येतो. पण नावामागची माणसे परत आणण्याचे काम कोणताही निर्देशांक करत नाही. ते शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनीच करायचे आहे.

हे काम दलित चळवळीने आपले मानावे असे मला वाटते, आणि त्याला कारण आहे. १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये बाबासाहेबांनी हिंदू समाजाला विचारले होते की, शतकानुशतके शेजारी राहणाऱ्या आदिवासींकडे तुम्ही पाठ का फिरवलीत. आणि जात सांभाळायची म्हणून, हे त्याचे कारणही त्यांनी सांगितले होते. तो सवाल आज आपल्यालाही लागू पडतो. आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याला, जळगाव जामोद आणि संग्रामपूरकडे, कोरकू, निहाल, भिलाला राहतात. मेहकरच्या आपल्या किती तरुणांनी त्यांची घरे आतून पाहिली आहेत? जमिनीचा प्रश्न आपल्याला परका नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले, हजारोंनी तुरुंग भरले. आमच्या वऱ्हाडात गायरानाचा तुकडा नावावर व्हावा म्हणून म्हातारी झालेली माणसे मी ओळखतो. फरक एवढाच की दलिताला जमीन मिळूच दिली नाही आणि आदिवासीची होती ती काढून घेतली.

म्हसेच्या मुलखावर आजही नवी संकटे आहेत. २०१४ साली ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यातून मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वे जाते आहे. डहाणूजवळ वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. विकासाच्या या प्रकल्पांच्या पत्रकांवर आणि स्वागतकमानींवर उद्या तारप्याचा नाच रंगवलेला दिसला तर मला नवल वाटणार नाही. चित्र ठेवून घ्यायचे आणि चित्र काढणाऱ्याला उठवायचे, ही व्यवस्थेची जुनी हातचलाखी आहे.

म्हणून माझे सांगणे एवढेच आहे. ज्या शाळेत वारली चित्र शिकवले जाईल, तिथे लग्नगडी हा शब्दही शिकवला जावा. जिव्या सोमा म्हसे हे नाव घेताना तलवाड्याच्या पाच जणांची आठवण निघावी आणि नाव नसलेल्या सवाशिणींचीही. आपल्या अभ्यासवर्गांनी सातपुड्याच्या पाड्यांवर जाऊन तिथल्या भिंती, गाणी, देवस्थाने यांची नोंद त्यांच्याच तोंडून, त्यांच्याच नावानिशी करावी आणि वनहक्काच्या दाव्यांना ती नोंद जोडावी. ती पुरावा म्हणून टिकेल की नाही, हे लढूनच ठरेल. यिरकालाच्या लोकांचा अर्जही आधी फेटाळलाच गेला होता.